क्रमवारीचे पाठांतर नको

संपादक महोदय,

वाशी-नेरुळ परिसरात मी पाहते ती महाविद्यालयीन मुले बबल सॉर्टचा, म्हणजे शेजारच्या दोन-दोन संख्यांची तुलना आणि अदलाबदल करत यादी क्रमाने लावण्याच्या पद्धतीचा, प्रोग्रॅम घडाघड लिहितात. पण एक हजार संख्या क्रमाने लावायला त्याला ४,९९,५०० पर्यंत तुलना कराव्या लागू शकतात, तर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या, यादीचे भाग करून ते क्रमाने जोडणाऱ्या मर्ज सॉर्टला सुमारे १०,००० पुरतात, हा फरक त्यांना कोणी मोजायला लावत नाही. पाठांतर टाळायचे तर व्हेरिएबलला (प्रोग्रॅममध्ये माहिती साठवण्याच्या जागेला) अर्थपूर्ण नाव देणे आणि रिकाम्या यादीवर, एकाच घटकावर, समान संख्यांवर प्रोग्रॅम तपासणे, या सवयींना प्रात्यक्षिक परीक्षेत स्वतंत्र गुण ठेवावेत, अशी अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.

– एक संगणक शिक्षिका, नेरुळ, नवी मुंबई