ईएमआय छापता, मग युनिटही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यात फोंडा महालात (म्हणजे तालुक्यात) घरगुती इलेक्ट्रिकची कामं करतो, वायरिंग, पंखे, पंप, गीझर वगैरे. तुमच्या पेपरातल्या फ्रीज-एसीच्या जाहिरातींबद्दल एक मागणी आहे, ती शेवटी सांगतो, आधी थोडा हिशेब. कुठेही कामाला गेलो की चहा येईपर्यंत ठरलेले प्रश्न सुरू होतात, बिल एवढं कसं काय आलं, मीटर फास्ट पळतोय काय, पोराचा चार्जर दिवसभर प्लगात असतो त्यानेच होत असेल ना. अहो चार्जरने काही होत नाही. मोबाइल लावलेला नसेल तर तो महिनाभरात जेवढं खातो तेवढं गीझर पाचेक मिनिटांत खाऊन मोकळा होतो. मिक्सरलाही लोक उगाच घाबरतात, ७५० वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं खोबऱ्याचं वाटण वाटायला लावलात तरी महिन्याला चार युनिटच्या आतच.

हिशेब एकदम साधा आहे, वॅट गुणिले तास भागिले हजार, झालं युनिट. पण होतं काय की लोक एकतर नुसते वॅट बघतात नाहीतर नुसते तास, दोन्ही एकत्र कोणी बघतच नाही, आणि खरा खर्च असतो तो गरम करणाऱ्या आणि गार करणाऱ्या वस्तूंचा, नाहीतर गुपचूप चोवीस तास चालणाऱ्यांचा. उदाहरण द्यायचं तर देवघरातला लाल झीरो बल्ब. जुना तारेचा असेल तर तो १५ वॅटचा असतो, रात्रंदिवस पेटता ठेवला की महिन्याला जवळजवळ ११ युनिट. एका घरी आजी तो काढायलाच देईनात, देवापुढचा दिवा विझवायचा नाही म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकलं नाही. मी म्हटलं आजी विझवत नाही, बदलतोय. अर्ध्या वॅटचा एलईडी लावला, तोही लालच.

मीटर पळतो की नाही हे बघायला मला बोलवायची गरजच नाही. आताच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि बाजूला एक आकडा छापलेला असतो, काहींवर ३२००, काहींवर १६००. ३२०० म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आता घरातलं सगळं बंद करा, फ्रीज आणि इन्व्हर्टरचाही प्लग काढा, मेन मात्र चालू ठेवा आणि दिवा बघत उभे राहा. तरीही लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये कुठेतरी लिकेज आहे किंवा कोणती तरी वस्तू तुमच्या लक्षात आलेली नाही, मग वायरमनला बोलवा. लुकलुकायचा थांबला तर एकच जुना पंखा फुल स्पीडला लावा, ७५ वॅटचा असेल तर ३२०० वाल्या मीटरवर साधारण पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकतो. पंखा बंद करून २००० वॅटचा गीझर लावा, सेकंदाला दोनदा म्हटलं तरी चालेल. हे एकदा दाखवलं की घरातली माणसं पुन्हा चार्जरवरून पोराला ओरडत नाहीत, हा माझा अनुभव.

गीझरची गोष्ट अशी आहे की आपल्याकडे पाणी मुळात एवढं गार नसतंच. नळाचं २७ डिग्रीचं पाणी ४५ पर्यंत तापवायचं म्हटलं तर १५ लिटरला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं, म्हणजे चुलीवरचं पाणी तापवायचं भाण गेलं आणि गीझर आला याने कोणी बुडालेला नाही. बुडतात ते सकाळी सहाला लावून दुपारी जेवताना आठवण येणारे, आणि थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवून मग त्या उकळत्या पाण्यात बादलीभर गार ओतून घेणारे. टाकीतलं पाणी नुसतं उभं असलं तरी निवतं आणि कॉइल पुन्हा पुन्हा लागते, त्यात किती जातं तोसुद्धा आकडा गीझरच्या स्टार लेबलवर असतो, चोवीस तासांचा.

पंखा तर आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची पहाट सोडली तर बंद होतो कुठे. जुना ७५ वॅटचा रोज पंधरा तास म्हणजे महिन्याला ३४ युनिट, तेच ३० वॅटच्या बीएलडीसीला (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या पंख्याला) साडेतेरा. घरात चार पंखे असतील तर बघा गुणाकार करून. फक्त बीएलडीसी लावताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मधून काढायला सांगा, नाहीतर पंख्याचं सर्किट जाईल आणि वर शिव्या आम्हाला. आणि विहिरीवरचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत असेल तर आधी फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह) बघा, एक एचपीचा पंप पाणी चढवताना तासाला साधारण एक युनिट घेतो, आणि नुसता फिरत राहिला तरी मीटर चालूच राहतो.

फ्रीज रात्री बंद ठेवल्याने वीज वाचते काय हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. फारशी नाही वाचत, सकाळी जवळजवळ तेवढाच कॉम्प्रेसर जास्त चालतो, वर मासे खराब होतात ते वेगळंच.

आता तुमच्याकडे मागणी. गणपतीची चवथ जवळ आली की तुमच्या पेपरात फ्रीज, एसी, वॉशिंग मशीनच्या पानभर जाहिराती येतात, ईएमआय मोठ्या अक्षरात, मिक्सर फुकट, जुना द्या नवा घ्या, सगळं असतं, फक्त वर्षाला किती युनिट तेवढं नसतं. स्टार छापतात कधीकधी, पण नुसत्या स्टारने माणूस फसतो. फ्रीजचे स्टार त्याच्या साइजच्या हिशेबाने देतात, त्यामुळे मोठा फ्रीज जास्त स्टारचा असूनही छोट्या कमी स्टारवाल्यापेक्षा जास्त युनिट घेऊ शकतो. शिवाय बीईई (हे स्टार ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) अधूनमधून नियम कडक करते, काही वर्षांपूर्वीचा फाइव्ह स्टार एसी आजच्या टेबलात थ्री स्टारसुद्धा निघू शकतो, म्हणून लेबलवर ते कुठल्या काळासाठीचं आहे हेही लिहिलेलं असतं, आणि दुकानात जुना स्टॉक स्वस्तात मिळतो तेव्हा नेमकं तेच बघायचं राहून जातं. एसीचं तर आणखी एक आहे, लेबलवरचे युनिट वर्षाला १६०० तास धरून काढलेले असतात. रोज आठ तास लावलात तर ते २०० दिवसांत संपले. आपल्याकडे मार्च ते पाऊस धरेपर्यंत आणि परत ऑक्टोबरच्या उकाड्यात जे रात्रभर लावतात त्यांनी आपापले तास मोजावे. (आणि १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ धावतो. २४ ला झोप लागते, वर पंखा लावा.)

गोव्यात घरगुती विजेचा दर वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्याने चढतो. म्हणजे नव्या एसीचे युनिट आधीच्या वापराच्या वर चढणार, महागातल्या टप्प्यात. गिऱ्हाईक ईएमआय बघून वस्तू घरी नेतो आणि त्याच्यावर वीजबिलाचा दुसरा हप्ता चालू होतो तो वस्तू भंगारात जाईपर्यंत, तो मात्र त्याला कोणी सांगितलेलाच नसतो. दुकानदार म्हणतील जाहिरातीत जागा नाही. किमतीच्या खाली "वर्षाला अमुक युनिट, लेबल अमुक सालापर्यंत" एवढी एक ओळ पुरे, आकडा कंपनीने आधीच काढून चिकटवलेला आहे, फक्त उतरवून घ्यायचा. तुमच्या जाहिरात विभागाने यंदाच्या सीझनपासून ही ओळ मागून घ्यावी. जे दुकानदार देणार नाहीत त्यांची जाहिरात छापू नका असं मी म्हणत नाही, पेपरही चालला पाहिजे, पण जे देतील त्यांची जाहिरात जरा वरच्या बाजूला लावायला काय हरकत आहे.

आपला नेहमीचा वाचक,
एक इलेक्ट्रिशियन, फोंडा