चढावरच्या ‘टणटणी’कडे दुर्लक्ष नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझा भाचा कुंभार्ली घाट चढून चिपळूणहून कराडला आला. १२५ सीसीची मोटारसायकल, मागे पत्नी आणि टाकीवर तांदळाची पिशवी, एवढा भार होता. चढावर इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येई आणि सपाटीला लागताच तो थांबे. एका गॅरेजमध्ये गाडीचे टॅपेट (इंजिनाच्या झडपा उघडणारे भाग) सेट करून दिले गेले, पण आवाज राहिलाच, तेव्हा टायमिंग चेन (झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) बदलावी लागेल असे त्याला सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ती गाडी चढावर नेली. तीस-पस्तीसच्या वेगाला टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की टणटण सुरू होई आणि एक गिअर पाडला की ती जवळजवळ नाहीशी होई. माझी सारी नोकरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवण्यात झाली, म्हणून या आवाजाविषयी आपल्या वाचकांसाठी लिहावेसे वाटले.

याला नॉकिंग म्हणतात. पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडे आधी प्लगची ठिणगी पडते आणि तिथून ज्योत पेट्रोल-हवेच्या मिश्रणातून पुढे सरकत जाते. ती पसरत असताना कोपऱ्यात उरलेले न जळलेले मिश्रण दाबले जाते आणि तापते. ज्योत तिथे पोहोचण्यापूर्वीच ते आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि आपल्याला ऐकू येते ती हीच धातूची टणटण. इंजिनाचे फेरे कमी असताना ॲक्सिलरेटर पूर्ण उघडला, तर सिलिंडरमध्ये मिश्रण भरपूर भरते, दाब वाढतो आणि त्या कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापायला वेळही जास्त मिळतो. गिअर पाडल्यावर फेरे वाढतात, तेवढाच वेग राखायला ॲक्सिलरेटर कमी लागतो आणि ज्योत वेळेत कोपऱ्यापर्यंत पोहोचते. भाच्याच्या गाडीवर नेमके हेच घडत होते.

टॅपेटचा आवाज आणि हा आवाज यांत गल्लत होते, आणि त्यापायी लोकांचे पैसे विनाकारण जातात. टॅपेट सैल असेल, तर गाडी स्टँडवर उभी असतानाही टिकटिक ऐकू येते आणि ती फेऱ्यांबरोबर वाढते. नॉकिंग मात्र इंजिनावर भार पडला की येते आणि ॲक्सिलरेटर सोडताच जाते. त्यामुळे गाडी चढावर न चालवता, नुसती उभी करून रेस देऊन केलेले निदान मला मान्य नाही.

‘टॉप गिअरमध्ये ॲव्हरेज चांगले मिळते’ हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की घाटातही लोक गिअर पाडायला तयार नसतात. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात हा समज बरोबर आहे, पण मागे माणूस आणि पुढे सामान घेऊन चढताना तो इंजिनाच्या जिवावर बेततो. सिलिंडरमधल्या जळत्या वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि ॲल्युमिनिअम तर साधारण ६६० अंशांना वितळते. तरीही पिस्टन टिकतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर तुलनेने थंड वायूचा पातळ थर असतो. नॉकिंगच्या लाटा तो थर उडवून लावतात. मग पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात, रिंगांच्या खाचा तुटतात, प्लगचे पांढरे चिनीमातीचे आवरण तडकते. कधीमधी क्षणभर झालेल्या टणटणीने असे होत नाही. रोजच्या चढावर ती महिनोन्‌महिने चालू ठेवली तर होते.

अनेकांचा पहिला संशय पेट्रोलवर असतो. ऑक्टेन क्रमांक म्हणजे नॉकिंगला टक्कर देण्याची इंधनाची क्षमता. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार साध्या पेट्रोलचा हा क्रमांक पूर्वी ८८ होता, बीएस-६ या प्रदूषण-मानकांच्या इंधनात तो ९१ झाला आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ९५ पर्यंत गेला. इथेनॉलविषयी इतर तक्रारी असतील, पण नॉकिंगच्या बाबतीत ते उपकारकच आहे. मात्र टाकीत पाणी शिरले, तर ते इथेनॉलला ओढून तळाशी बसते आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. कोकणच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणाचे रबर म्हणूनच तपासून घ्यावे. रॉकेलची भेसळ असेल तर नॉकिंग हमखास होते. शंका आल्यास पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. शुद्ध पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून जातो. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत महागडे विशेष पेट्रोल भरणे मात्र मला अनावश्यक वाटते. गाडीच्या पुस्तिकेत जो क्रमांक सांगितला आहे, तेवढा पुरतो.

इंधन ठीक असेल आणि गिअर पाडूनही आवाज येत असेल, तर कारण गाडीत शोधावे. पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये (सिलिंडरच्या झाकणात) साचलेला कार्बन जागा व्यापून दाब वाढवतो, शिवाय स्वतः तापून राहतो. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) तुंबला किंवा मॅनिफोल्डचे, म्हणजे मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीचे, रबर चिरले, तर मिश्रणात हवा जास्त होते आणि इंजिन तापते. ठरवून दिलेल्या क्रमांकाऐवजी ‘चालतो’ म्हणून बसवलेला अधिक उष्ण प्रतीचा, म्हणजे जास्त तापून राहणारा, प्लगही हाच त्रास देतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचे फिन्स (बाहेरच्या पातळ पट्ट्या) चिखलाने भरले, तर उष्णतेला बाहेर पडायला वाटच राहत नाही. भाच्याच्या गाडीच्या फिन्समध्ये पावसाळाभराचा चिखल वाळून बसला होता. तो काढला आणि घाटात गिअर वेळेवर पाडायला त्याला शिकवले. टायमिंग चेन आजही तीच आहे.

आजच्या बहुतेक मोटारींत नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो आणि त्याच्या इशाऱ्यावर ठिणगी थोडी उशिरा पाडली जाते. आपल्या बहुतेक छोट्या दुचाकींत तो नसतो. तिथे चालकाचा कान हाच सेन्सर. म्हणून परिवहन विभागाला माझी विनंती आहे की, दुचाकीच्या परवान्यासाठी वाहतुकीची चिन्हे विचारली जातात, तसे चढावर भार असताना कोणता गिअर ठेवावा हेही शिकाऊ चालकांना शिकवले जावे. प्रशिक्षण संस्थांतील सहकाऱ्यांनीही विद्यार्थ्यांना टॅपेट, टायमिंग चेन आणि नॉकिंग हे तीन आवाज चालत्या गाडीवर बसवून ऐकवावेत.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, कराड