बरोबर आलं, पण बरोबर सांगितलं का?

रेक्याविक, आइसलँड,
ऑक्टोबर, रात्री

प्रिय कुंदे,

रागावली असशील तर रागाव, तुझा हक्कच आहे. गणपतीच्या आधी तू विचारलंस, "पोचलीस का? थंडी किती?" आणि मी नुसता अंगठा पाठवला. जन्मभर एका डब्यातलं खाल्लं आणि उत्तर काय, तर अंगठा! पण चार ओळींत तुझं समाधान होत नाही आणि मोठं लिहायचं तर काहीतरी घडावं लागतं. ते आता घडलंय.

तब्येत बरी आहे. गोळ्या चालू, गुडघा जैसे थे. हे पुण्यातच आहेत. "थंडी मी महाबळेश्वरला पाहिली आहे," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. झालेला प्रकार मी त्यांना फोनवर सांगून पाहिला. सगळं ऐकून म्हणाले, "मग चांगलंच झालं की! अडचण काय?" तेव्हाच ठरवलं की हे कुंदीलाच लिहायचं.

आधी एक गंमत. इथलं घड्याळ म्हणजे आपल्या वेधशाळेतलं झेड! सरळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, उन्हाळ्या-हिवाळ्यात बदल नाही. आयुष्यभर साडेपाच तास मिळवत बसलो ना आपण? इथे बाराचा चार्ट म्हणजे भिंतीवरचे बारा. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिले, निखिलला वाटलं आईला विमान लागलं. वेधशाळांच्या यादीत पुण्याचा नंबर ४३०६३, तसा इथला ०४०३०. सूर्य मात्र घड्याळाला जुमानत नाही, माथ्यावर यायला त्याला सव्वा वाजतो. आणि माथ्यावर म्हणजे समोरच्या इमारतीच्या गच्चीच्या जरासा वर. दिवस रोज सहा-सात मिनिटांनी आखूड होतोय. येत्या शनिवारी यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे हिवाळा लागतो. मधे शरद-हेमंत वगैरे लाड नाहीत, उन्हाळा संपला की हिवाळा.

आणि दाब! आपला बॅरोग्राफ, हवेचा दाब नोंदणारा, कसा शहाण्यासारखा सकाळी दहाला वर, दुपारी चारला खाली. त्यावर घड्याळ लावावं. इथे ती भरती-ओहोटी शोधूनही सापडत नाही, कारण एकामागून एक कमी दाबाची डिप्रेशनं नैऋत्येकडून येतात आणि काटा कुठल्या कुठे नेतात. आपण पुस्तकात 'आइसलँडिक लो' (इथला कमी दाबाचा प्रदेश) वाचला, परीक्षेत लिहिला, मार्क घेतले. मी आता त्याच्यात राहते. आपल्या खात्याच्या जुन्या गिल्बर्ट वॉकरसाहेबाला सांगायला हवं होतं. सिमल्यात बसून मान्सूनचा माग काढता काढता त्याने १९२० च्या दशकात आइसलँड आणि अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या दाबाचा झोका शोधला, आणि पुढे पुण्याला हललेल्या त्याच सिमला ऑफिसातली एक पेन्शनर बाई आज त्या झोक्याच्या वरच्या टोकावर भाकरी थापतेय. (ज्वारीचं पीठ मी आणलं, हो. वजनात बसवलं. तुझी चटणी मात्र विमानतळावर काढून ठेवावी लागली. रागावू नकोस, ती तुझ्या भाचीने खाल्ली.)

आता मुद्दा. निखिल काय करतो ते तुला ठाऊकच आहे. इंजिनिअर होऊन व्हॅन चालवतो, हे माझ्याआधी तू पचवलंस. पाहुण्यांना भरून सकाळी आठला निघायचं, दक्षिण किनाऱ्याने धबधबे, काळी वाळू, वीक नावाचं गाव, आणि संध्याकाळी परत. एका बाजूने पावणेदोनशे-एक किलोमीटर. मधे रस्ता एयाफ्यात्लायोकुत्लच्या पायथ्याने जातो. तोच गं, २०१० साली ज्याने युरोपभरची विमानं जमिनीवर बसवली. नाव बरोबर लिहिलं का ते विचारू नकोस. दक्षिणेला लो असला की पूर्वेचा वारा समुद्रावरून येतो आणि त्या डोंगराच्या कडेने पिळून निघतो. सपाटीवर वारा सेकंदाला २० मीटर असेल तर तिथे झोत, म्हणजे अचानकचे झटके, ३५ च्या वर. मी अजून मनात दुप्पट करून नॉट काढते, ७०! बारके धबधबे खाली पडायच्या ऐवजी वर उडतात. नाणेघाटातला तो उलटा धबधबा आठव, फक्त त्यात मजा करायला थांबायचं नाही.

इथे कोणी "पाऊस आहे का?" विचारत नाही, वारा किती ते विचारतात. रस्त्याच्या कडेला पाट्या असतात, त्यांवर तापमान, वारा आणि झोत, तिन्ही त्या क्षणाचे. गाडी वाऱ्याकडे नाक करून उभी करायची आणि दार हाताने घट्ट धरून उघडायचं, नाहीतर वारा ते बिजागरीपासून उलटं करतो. निखिलने पहिल्याच दिवशी मला दाराचा धडा दिला, अगदी ऑफिसातले आपले दाबसाहेब नव्या मुलींना प्लॉटिंग, नकाशावर आकडे मांडायला, शिकवायचे त्या सुरात. "डावा हात, आई. डावा."

तर प्रकार घडला त्याच्या आदल्या रात्री वाऱ्याचा पिवळा इशारा आला होता. यांच्याकडे पिवळा, केशरी, लाल. २०१७ च्या नोव्हेंबरपासून ही पद्धत आहे. इशारा दक्षिण भागाला, संध्याकाळी सहापासून. निखिल चारच्या सुमारास तो डोंगर ओलांडून परत इकडे असणार. कंपनीने नेहमीप्रमाणे चालकावर सोडलं. हा जेवायला बसला आणि फोन माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "आई, तू सांग. जाऊ का?"

कुंदे, मी चष्मा लावला. नकाशा पाहिला. लो कुठे आहे, आयसोबार, त्या समान दाबाच्या रेषा, किती जवळ आहेत, सगळं पाहिलं. आणि म्हणाले, "नको जाऊस."

तो गेला नाही. सहाचा वारा तीनला आला. वाऱ्याचा पट्टा वेळेच्या आधी पोचला, त्या पाट्यांवर झोत ३५, मग ३८, आणि रस्तेखात्याने दुपारीच रस्ता बंद केला. त्याचे दोन सहकारी गेले होते ते पाहुण्यांसकट वीकला अडकले, रात्र तिथेच. कोणाला काही झालं नाही, पाहुणे तर म्हणे खूश होते.

झालं. निखिल तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटलाय की माझी आई चार्ट वाचते. "कंप्युटर सहा म्हणत होता, आईने आधीच ओळखलं." हा संगणक म्हणजे साधा नव्हे. डेन्मार्क, आयर्लंड, नेदरलँड्स आणि हे, अशा चार देशांनी मिळून इथल्या वेधशाळेत बसवलेला महासंगणक. त्याला मी हरवलं! एक पोलिश चालक परवा पार्किंगमध्ये माझ्यापुढे टोपी काढून उभा राहिला आणि गुरुवारचं विचारू लागला. मी म्हटलं, "तुरळक ठिकाणी." तुझी शपथ, तोंडातून तेच आलं. निखिलने त्याचं इंग्रजीत काय केलं देव जाणे, तो माणूस समाधानाने गेला.

आणि आता खरं. मी काहीही ओळखलं नव्हतं. त्या रात्री नकाशात सहा होते आणि मलाही सहाच दिसत होते. माझं लक्ष टेबलाखाली होतं. पोरगा बूट घालून जेवायला बसला होता. निखिल! ज्याला लहानपणी चप्पल घालून ओट्याजवळ आला म्हणून मी रागावले तर तो मला उलट ओट्याखालची धूळ दाखवायचा. सलग ड्यूट्या, बूट काढायची ताकद नाही, आणि वरण-भातात डोळे मिटत होते. म्हणून "नको". दाबाचा पुरावा मला मिळाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, तो झोपलेला असताना. वेस्टमन बेटांवर स्टोरहोफ्दी म्हणून ठिकाण आहे, आपल्या रेकॉर्डच्या वेडासाठी सांगते: १९२९ च्या डिसेंबरात तिथे दाब ९२० हेक्टापास्कलच्याही खाली गेला होता. तिथला आकडा तीन तासांत सातने उतरलेला पाहिला आणि मी एकटीच म्हणाले, "अगंबाई, हा लवकर येतोय." पण तोवर माझा अंदाज देऊन झाला होता!

आता तू हसते आहेस, मला इथून दिसतंय. मंदाच्या मुलीचं लग्न. तू सांगितलंस पाऊस येणार, हॉल घ्या. मी म्हटलं काही येत नाही, मांडव घाला. त्यांनी तुझं ऐकून हॉल घेतला, पैसे भरले, आणि टिपूस नाही पडला. मंदा वर्षभर तुला तिळगूळ देताना हात आखडता घ्यायची. आणि तू कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "तुझं आलं बरोबर, नले, पण तू सांगितलं नाहीस बरोबर. तू नुसतं गोड बोललीस. चार्ट मी पाहिला होता." केवढं भांडलो आपण! उप्पीट गार झालं. मी अजूनही म्हणते की माझं त्या दिवशी निदान निम्मं शास्त्र होतं, आणि ते लग्न कोरडंच झालं हे विसरू नकोस. पण ते वाक्य मात्र या आठवड्यात माझ्या मागे लागलंय.

कारण आता निखिल रोज विचारतो. मंदाच्या हॉलचे पैसे गेले, फार तर तिळगुळाचे दोन दाणे कमी आले. इथे माझं "नको" चुकलं तर त्याचा एका दिवसाचा पगार बुडेल. माझं "जा" चुकलं तर? आणि आईच्या तोंडून "जा" निघायलाच किती जड असतं हे तुला वेगळं सांगायला नको. म्हणजे मी नेहमी "नको" म्हणणार, चारदा वारा येणार नाही, पाचव्यांदा तो ऐकणार नाही. फॉल्स अलार्मचं, खोट्या इशाऱ्यांचं, हे गणित आपण नव्या मुलींना फळ्यावर काढून दाखवायचो.

खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात, पश्चिमेकडच्या फ्योर्डांतल्या, म्हणजे डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाड्यांच्या भागातल्या. त्यांना मी मोडक्या इंग्रजीत हे सांगितलं. बाईंनी कॉफी ओतली आणि तिकडच्या फ्लातेरी गावाची गोष्ट सांगितली. २६ ऑक्टोबर १९९५, पहाटे लोक झोपेत असताना डोंगरावरून हिमकडा गावावर आला, २० माणसं गेली. हिवाळ्याच्या अगदी तोंडाशी गं. त्याच जानेवारीत शेजारच्या सूदाविकला १४ गेली होती. आणि फ्लातेरीत ज्या घरांवर आला त्यांतली बरीचशी धोक्याच्या रेषेबाहेरची. कागदावर सुरक्षित. नंतर १९९७ ला कायदा केला, रेषा नव्याने आखायचं काम वेधशाळेकडे दिलं, गावावर मातीचे प्रचंड बांध घातले. बाईंनी आवाज चढवला नाही की उसासा टाकला नाही. मला म्हणाल्या, "तुमचा मुलगा विचारतो तरी." एवढंच. मग मला वाळवलेला मासा खायला दिला. त्याविषयी तोंडी सांगेन.

आता तू सांग. निखिलला खरं सांगू का? की बाबा, त्या रात्री मी तुझे बूट वाचले, चार्ट नाही. सांगितलं तर तो हसेल आणि उद्यापासून विचारणार नाही. नाही सांगितलं तर मी पुण्याला परत गेल्यावर फोनवर विचारेल, आणि फोनवर मला बूट दिसणार नाहीत. नाहीतर दुसरा मार्ग: त्यालाच शिकवते. टेंडन्सी, म्हणजे दाब चढतोय की उतरतोय, ती बघायची, वरच्या बाजूच्या स्टेशनांचे आकडे दर तासाला बघायचे, सहा लिहिलंय म्हणजे चार ते आठ समजायचं. काल थोडं काढून दिलं. पोरगा आयसोबार असे काढतो की दाबसाहेबांनी रबर फेकून मारला असता. पण स्टेशन वाचायला लागलाय. काल रात्री स्वतःहून म्हणाला, "आई, स्टोरहोफ्दी चढतंय." कानाला इतकं बरं वाटलं!

तुझं काय? डाव्या डोळ्याचं झालं का? थेंब वेळेवर घाल. स्वातीचा नाशिकचा मुलगा पक्का की पुन्हा पत्रिका? सोसायटीच्या कागदांवर मी येईपर्यंत सही करू नकोस, तो बिल्डर गोड बोलतो. तुझ्या दिरांचं वाचून वाईट वाटलं, जाऊबाईंना माझा निरोप सांग.

आज इथे स्वच्छ आहे, थंडी दोन अंश, वारा नाही. इथली वेधशाळा अरोराचाही, म्हणजे आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशाचाही, अंदाज देते, शून्य ते नऊ, आणि सोबत ढगांचा नकाशा. आज चार आहे. निखिल म्हणतो बाहेर ये, मी म्हटलं पत्र संपवू दे.

शनिवारचा इशारा अजून नाही, पण दक्षिणेला एक नवा लो दिसतोय आणि निखिल जेवणावर मला विचारणार. नकाशा तुला पाठवते. तू तुझं उत्तर स्वतंत्र काढ, माझं मी आधी सांगत नाही. नंतर ताडून बघू. आणि या वेळी भांडायचं असेल तर उप्पीट आधी खाऊन घे.

तुझी,
नली

ता. क. – ह्यांना फोन करून गॅसचा नंबर लावला का विचार. मी विचारलं की "हो" म्हणतात.