बाजार खुला करा, पण जोखीम कुणाच्या माथी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डावीकडे कललेल्या सरकारांनी खुला बाजार आणि जागतिकीकरण आपलेसे करावे का, ही आपल्या पानांवरील चर्चा मी नेमाने वाचतो. मी राजापूर तालुक्यातला आंबा बागायतदार आहे. माझे उत्तर ‘हो’ असे आहे, पण एका अटीवर: बाजाराची जोखीम एकट्यादुकट्या माणसाच्या माथी टाकू नये.

आमच्या जुन्या मतदारसंघाने बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते हे हाडाचे समाजवादी लोकसभेत पाठवले. १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वेचे महामंडळ स्थापन झाले. त्यात केंद्राचे भागभांडवल ५१ टक्के होते, बाकीचे चार राज्यांचे. शिवाय रोखे काढून बाजारातून पैसा उभा केला. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. रोखे विकले म्हणून त्यांचा समाजवाद बाटला, असे इथे कुणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

माझी कलमेही त्याच काळातली. राज्याने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली आणि खड्डे, रोपे, खत, मजुरी यांचा खर्च उचलला. वाडीतल्या माणसांना वाडीतच काम मिळाले आणि कातळावर हापूस उभा राहिला. फळ मात्र आम्ही खुल्या बाजारातच विकत आलो.

त्या बाजाराचा फटकाही खाल्ला आहे. फळमाशीचे कारण देऊन युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा बंद केला, तोही ऐन हंगामात. परदेशी जाणारा माल वाशीच्या घाऊक बाजारातच राहिला आणि माझ्या हातात आलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, बघवत नव्हती. पुढच्या हंगामाआधी बंदी उठली ती भाषणांनी नाही. ४८ अंशांच्या पाण्यात तासभर फळ ठेवण्याची प्रक्रिया, पणन मंडळाची सुविधा केंद्रे, तपासणी आणि दाखले या सरकारी कामामुळे ती उठली. एकट्या बागायतदाराला हे जन्मात जमले नसते.

काजूचे कोडे याहून अवघड. आफ्रिकेतून बी येते म्हणून आमच्या बीचा दर पडतो, तेव्हा आयातशुल्क वाढवा असे मीही म्हणत होतो. पण आमच्याच वाडीतल्या बायका काजूच्या कारखान्यात गर सोलायला जातात आणि आयात थांबली तर गावठी बीवर तो कारखाना वर्षभर चालणार नाही. माझा फायदा म्हणजे त्यांच्या रोजीवर गदा. म्हणून २०२४ च्या हंगामासाठी राज्याने बीला किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केले, तो मार्ग मला पटतो. रक्कम तुटपुंजी होती, पण दिशा बरोबर होती.

उलट उदाहरण आमच्याच जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातले. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प काँग्रेस सरकारांनी आणला तो उदारीकरणाच्या नावाने. पण वीज उचलली नाही तरी ठरावीक आकार वीज मंडळाने भरायचा, रुपया घसरला तर त्याचा भुर्दंडही मंडळालाच, आणि वर केंद्राची हमी. याला खुला बाजार कसे म्हणायचे? नफा कंपनीचा आणि जोखीम जनतेची, असा तो सौदा होता. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला.

ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षाने १९८३ मध्ये डॉलरचा दर बाजारावर सोडला, पुढे आयातशुल्क घटवले. पण १९८४ मध्ये सर्वांसाठी आरोग्यविमा आणि १९९२ मध्ये कामगारांसाठी सक्तीची निवृत्तिवेतन बचतही आणली. तरीही तिथल्या कापड आणि पादत्राणे कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, हे झाकून ठेवू नये. आपल्याकडे २००५ मध्ये एकाच सरकारने निर्यात उद्योगांना सवलती देणाऱ्या विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा केला आणि ग्रामीण रोजगार हमीचाही. मला दुसरा कायदा अधिक मोलाचा वाटतो, कारण तो हातात असला की माणूस पहिल्याला घाबरत नाही.

२४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनच्या मजूर सरकारने भारताशी मुक्त व्यापार करार केला. आंब्याला त्याचा लाभ व्हावा, ही इच्छा आहेच. पण आमच्याकडे मते मागायला येणाऱ्या डाव्या-मध्यममार्गी पक्षांनी दोन गोष्टी आधी लिहून द्याव्यात: फळांतले कीटकनाशकांचे अंश तपासणारी प्रयोगशाळा आमच्या तालुक्यात कधी उभी राहील, आणि गर सोलणाऱ्या बायकांचा भविष्यनिर्वाह निधी कोण भरेल.

आपला,
एक आंबा बागायतदार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी