इंदापूरचे जुने नकाशे इंदापुरात कधी दिसणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाणंद आणि शिवरस्त्यांवरची अतिक्रमणं काढण्याच्या बातम्या आपल्या दैनिकात हल्ली वरचेवर येतात. शेतरस्त्याची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायची, असं शासनाने २०२५ मध्ये ठरवल्यापासून आमच्या इंदापूर तालुक्यात ज्याच्या त्याच्या हातात गावनकाशाची झेरॉक्स दिसते. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेल्यामुळे तिच्यावर रस्त्याची रेघ कुठली आणि कागदाच्या घडीची कुठली, हे सांगणं अवघड. तरी नकाशा मागायची सवय लागली, हे चांगलंच झालं. पण या सगळ्या धावपळीत एका नकाशाचं नाव कुणी काढत नाही. तो म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलनिर्देशक नकाशा, कॉलेजातली मुलं ज्याला टोपोशीट म्हणतात तो. त्याबद्दलच हे पत्र.

खरं तर नकाशाच्या बाबतीत इंदापूरने मागे असायचं काही कारण नाही. इंग्रजी अमलात दख्खनमधली शेतजमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी आणि आकारणी सुरू झाली ती इथूनच. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास पहिली आकारणी लावली. खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नातले शंभरात पंचावन्न सरकारचे, असा त्याचा हिशेब. कागदावर तो फार सुबक होता. पण मोजणी चुकीची, खालच्या नोकरांची लाचखोरी आणि वर दुष्काळी मुलूख. सारा भरेना, लोक जमिनी टाकून गेले. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर पुन्हा इंदापुरातूनच कामाला लागले. बैलांची एक जोडी जेवढं रान ओढेल तेवढा साधारण एक सर्व्हे नंबर, हद्दीवर दगड आणि बांध, तीस वर्षं सारा कायम. आज आपण ज्याला जमाबंदीची पद्धत म्हणतो ती इथल्या काळ्या-मुरमाड रानात घडली आणि नंतर मुंबई इलाख्यात पसरली. (तीस वर्षांनी, १८६७ मध्ये, फेरआकारणी झाली आणि सारा चढला. पुढे १८७५ मध्ये सुप्यात सावकारांविरुद्ध जो दंगा पेटला, त्याच्या कारणांत हा वाढीव साराही मोजला जातो. नकाशा हा काही निरुपद्रवी कागद नव्हे.)

त्या मोजणीतून आले ते गावनकाशे. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे; एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. बांधावरचा वाद मिटवायला आजही हाच कागद लागतो. पण सारा वसूल करणाऱ्याला टेकडीच्या उंचीशी देणंघेणं नव्हतं. त्यामुळे गावनकाशात चढ-उतार नाही. शिवेपाशी गाव संपतं तिथे नकाशाही संपतो. ओढा शिवेवर येऊन थांबल्यासारखा दिसतो. पुढे काय झालं ते शेजारच्या गावाच्या नकाशात शोधायचं आणि दोन्ही नकाशे एकमेकांना जुळतीलच याची खात्री नाही. गटवारी झाल्यावर जुने सर्व्हे नंबर बदलले, त्याने गोंधळात भरच पडली.

टोपोशीट वेगळ्या कामासाठी तयार झालं. ते शिवेवर थांबत नाही. १९०५ नंतर सर्वेक्षण विभागाने एक इंचाला एक मैल या मापाचे रंगीत नकाशे काढायला घेतले. तपकिरी रेषा समान उंचीच्या, पिवळा रंग लागवडीच्या रानाचा, बारमाही पाणी निळं आणि कोरडा ओढा काळ्या रेघेत. बैलगाडीची वाट, पायवाट, विहीर, देऊळ, गावठाण, सगळ्याला ठरावीक खूण. मेट्रिक पद्धत आल्यावर माप पन्नास हजारास एक झालं. एकाच जागेच्या दोन-तीन काळातल्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की कुठली वाट पूर्वापार होती आणि कुठला ओढा नांगराखाली गेला, हे आठवीतलं पोरही सांगेल.

ओढ्यांचा मुद्दा मला रस्त्यापेक्षाही मोठा वाटतो. ऑक्टोबर २०२० च्या पावसात निमगाव केतकीत काय अवस्था झाली ते तालुका विसरलेला नाही. मे २०२५ मध्ये बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला. पाऊस अति झाला हे खरंच. पण पाण्याच्या वाटेत ऊस, प्लॉटिंग किंवा अपुरी मोरी आली असेल, तर मूळ वाट कुठली होती हे दाखवणारा पुरावा नको का? वयस्कर माणसांची साक्ष काढायची तर तीही आता एकेक करून चालली.

इथे उगाच भलतं सांगायचं नाही. एक इंची नकाशात तेहतीस फुटांचा रस्ता प्रत्यक्ष मापाने काढायचा तर तो इंचाचा एकशे साठावा भाग भरेल. म्हणजे टोपोशीट घेऊन कुणी बांध कोरायला गेला तर तो फसेल, आणि फसायलाच हवा. हद्द ठरवणार ती मोजणी आणि भूमी अभिलेखचे कागदच. पण मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ किंवा महसूल संहितेचं कलम १४३ यांखाली तहसीलदारांपुढे रस्त्याचा दावा उभा राहतो, तेव्हा ‘इथे वाट कधी नव्हतीच’ असं छातीठोक सांगणाऱ्याला जुन्या नकाशातली तुटक रेघ दाखवता येते. एवढाच त्याचा उपयोग, आणि तो थोडका नाही.

उजनीचं तर निराळंच. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. पाणी फार आटलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं, लोक होडीने जाऊन फोटो काढतात. देवळाभोवतीचं गाव कसं होतं, मळ्याची काळी जमीन कुठवर होती, हे उठून गेलेल्यांच्या नातवंडांना दाखवायला काय आहे? पुण्याहून आलेली रेल्वे १८५८ मध्ये डिकसळपर्यंत पोचली होती. तो जुना मार्गही धरणामुळे बदलावा लागला. धरणाआधीच्या नकाशात हे सगळं जागच्या जागी आहे. आजच्या नकाशात तिथे फक्त निळा रंग.

आता हे नकाशे पाहायचे कुठे? २०१७ पासून सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पन्नास हजारी नकाशे नागरिकांना फुकट मिळतात, त्याबद्दल विभागाचे आभार. पण ते नव्या मालिकेतले, धरणानंतरचे. २०२१ मध्ये नकाशांवरची बंधनं केंद्राने सैल केली, २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आलं. तरी सामान्य वाचकाला धरणाआधीचा आपला मुलूख सहज पाहायचा, तर १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने काढलेले अडीच लाखास एक मापाचे नकाशे उघडावे लागतात. ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून सर्वांसाठी ठेवलेत. आमच्या भीमेचं जुनं पात्र आम्ही टेक्सासच्या कृपेने बघायचं, आणि तेही इतक्या लहान मापात की गावाचा नुसता ठिपका दिसावा!

माझी मागणी साधी आहे. पंचाहत्तर अंशाचं रेखावृत्त इंदापूर शहराच्या किंचित पश्चिमेकडून जातं आणि अठरा अंशाचं अक्षवृत्त तालुक्याच्या दक्षिण भागातून, त्यामुळे तालुका सर्वेक्षण विभागाच्या शीटच्या ४७ जे, ४७ के, ४७ एन आणि ४७ ओ अशा चार गटांत विभागलेला आहे. या चारही गटांतल्या आपल्या तालुक्यापुरत्या शीटच्या जुन्या एक इंची आणि पन्नास हजारी आवृत्त्या जिल्हा प्रशासनाने सर्वेक्षण विभागाकडून मागवाव्यात. विभागाचं महाराष्ट्र-गोव्याचं कार्यालय पुण्यातच आहे. त्यांची एकेक प्रत तहसील कचेरीत, पंचायत समितीत आणि एखाद्या सार्वजनिक वाचनालयात भिंतीवर लावावी, स्कॅन जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावेत. आणि पाणंद खुली करण्याचा किंवा ओढा खोलीकरणाचा प्रस्ताव मंजूर करताना गावनकाशासोबत जुन्या शीटचा तेवढा तुकडाही जोडावा. या कामाला नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचं एक पत्र पुरे.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
इंदापूर, जि. पुणे