संघटनेची पारख कोणावरून करायची? : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

सन्माननीय महोदय,
सविनय नमस्कार.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केले. कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालणे हा त्याचा हेतू सांगितला गेला, आणि शांततेने आंदोलन करणाऱ्यांविरुद्ध त्याचा वापर होणार नाही, असे आश्वासनही देण्यात आले. त्या आश्वासनावर अविश्वास दाखवण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. मी वाळवा तालुक्यातील ऊस उत्पादक शेतकरी आहे आणि ऊसदराच्या व पाण्याच्या चळवळीत माझे बरेचसे आयुष्य गेले आहे. त्या अनुभवाच्या आधारे मला आपल्यापुढे एकच प्रश्न मांडायचा आहे. एखादी संघटना कडवी आहे, हे सरकार कशावरून ठरवणार? तिने केलेल्या ठरावांवरून, तिच्या नेतृत्वाने दिलेल्या आदेशांवरून, की तिच्या झेंड्याखाली येऊन उभ्या राहिलेल्या सर्वांत बेफाम माणसावरून?

या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ माणसांचे भवितव्य अवलंबून आहे. या विधेयकाप्रमाणे एखादी संघटना बेकायदेशीर घोषित झाली, की तिच्या सदस्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणे, हेही विधेयकाने बेकायदेशीर कृत्यांत धरले आहे. म्हणजे संघटनेवर एकदा शिक्का बसला, की ज्याने हातात दगड घेतला तो आणि जिने गावच्या बैठकीत वर्गणी देऊन पावती घेतली ती शेतकरी बाई, हे दोघे एकाच रांगेत उभे राहतात.

आमच्या भागातील एका गळीत हंगामात घडलेला प्रसंग सांगतो. पहिली उचल, म्हणजे उसाच्या पैशाचा पहिला हप्ता, जाहीर झालेली नव्हती, आणि कारखान्याकडे निघालेली उसाची वाहने चौकात अडवायची असे आदल्या रात्री ठरले होते. वाहन कडेला घ्यायचे, चालकाच्या अंगाला हात लावायचा नाही, उसाला आणि गाडीला आग लावायची नाही, असे बैठकीत स्पष्ट शब्दांत बजावले होते. सकाळी चार-पाच ट्रॅक्टर रांगेत उभे राहिले. गर्दी वाढली तशी बैठकीला न आलेली तीन-चार पोरे पुढे घुसली आणि त्यांतील एकाने डिझेलमध्ये भिजवलेला बोळा पेटवून मागच्या ट्रॉलीच्या चाकावर टाकला. साठी उलटलेले आमचे एक कार्यकर्ते धावले. त्यांनी गळ्यातला टॉवेल हाताला गुंडाळून तो बोळा ओढून काढला आणि आम्ही काही जणांनी रस्त्याकडेची माती उपसून चाकावर टाकली. बीडकडचा तो तरुण चालक थरथरत बाजूला उभा होता, त्याला एका घरी नेऊन चहा पाजला. त्या कार्यकर्त्यांच्या मनगटावर भाजल्याचे फोड आले होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात धूर येणाऱ्या चाकाचे छायाचित्र होते. ही शेतकऱ्यांची संघटना नसून गुंडांची टोळी आहे, असे एका सत्ताधारी पुढाऱ्याने जाहीर सभेत सांगितले. गुन्हा नोंदवला गेला तो ओळख पटलेल्या कार्यकर्त्यांवर आणि ‘इतर शंभर ते दीडशे जणांवर’. पोलिसांनी ज्यांना नावानिशी ओळखले त्यांत आग विझवणारे ते कार्यकर्ते पहिले होते, कारण संघटनेचे काम ते वर्षानुवर्षे उघडपणे करत आलेले. बोळा टाकणारा मात्र त्या इतरांमध्येच राहिला.

पुढच्या बैठकीत त्या पोरांपैकी एक जण त्यांना म्हणाला, “काका, विझवूनही गुन्हा तुमच्यावरच दाखल झाला की. मग विझवलं कशाला?” बैठकीतले कोणीही त्याला समाधानकारक उत्तर देऊ शकले नाही.

महोदय, माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ या संवादात आहे. प्रत्येक चळवळीच्या आत दोन ओढी सतत चालू असतात. एक ओढ सनदशीर मार्गाने, चिकाटीने, निवेदने आणि मोर्चे आणि न्यायालये अशा वाटेने जाणाऱ्यांची असते. दुसरी ओढ ‘असल्याने काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यांची असते. पहिल्या प्रकारच्या माणसांकडे तरुणांना थोपवण्यासाठी एकच भांडवल असते आणि ते म्हणजे त्यांच्या शब्दाला असलेली प्रतिष्ठा. सरकार जेव्हा दोघांना एकाच तागडीत तोलते, तेव्हा ते हे भांडवल स्वतःच्या हाताने बुडवते. नेमस्त माणसाचा चळवळीतील शब्द संपला, की तिथे कडव्या माणसाचा शब्द चालू लागतो. सरकारला ज्या माणसाची भीती वाटते, त्यालाच सरकार अशा रीतीने मोठे करत असते.

शिवाय अशा वेळी मूळ मागणी मागे पडते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याज देय असते. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवून दिलेला उसाचा किमान दर, दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा निर्णय काढला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो मार्च २०२५ मध्ये रद्द केला. एकरकमी एफआरपीची मागणी करणारे शेतकरी कायद्याच्या बाजूने उभे होते, असा त्याचा सरळ अर्थ आहे. तरी या सगळ्या काळात आमच्याविषयी चर्चा झाली ती टायरांची.

आता आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासाकडे वळतो, कारण या बाबतीत सातारा आणि सांगलीइतका धडा दुसऱ्या कोणत्या भूमीने क्वचितच दिला असेल. सप्टेंबर १९४२ मध्ये, सांगली जिल्हा अजून साताऱ्यातून वेगळा व्हायचा होता तेव्हा, तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि तिथे तिरंगा लागला. त्याच महिन्यात वडूजच्या कचेरीवर गेलेल्या निःशस्त्र मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण हुतात्मे झाले. पुढच्या वर्षी जूनमध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेने, म्हणजे त्याच्या लढाऊ दलाने, शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम नेली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली, दारूबंदी केली, कर्ज न काढता साधी लग्ने लावली. त्याच प्रतिसरकारच्या काही लोकांनी माणसांच्या तळपायांवर फटकेही मारले आणि चळवळीचे नाव सांगून लूट करणाऱ्यांचा बंदोबस्त चळवळीलाच करावा लागला. इंग्रज सरकारच्या लेखी हे सगळे गुन्हेगार या एकाच शब्दात मोडत होते. त्या शब्दात वडूजचे निःशस्त्र हुतात्मे आले, सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले वसंतदादा आले आणि सातारा जिल्ह्यात भूमिगत राहून काम करणारे यशवंतराव चव्हाणही आले. वसंतदादा पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि यशवंतराव १९६६ ते १९७० या काळात देशाचे गृहमंत्री होते. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा १९६७ साली त्यांच्याच कारकिर्दीत झाला, हे मी विसरलेलो नाही. परंतु त्या कायद्यातही एखाद्या संघटनेवरील बंदी केवळ सरकारच्या शब्दावर न सोडता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या न्यायाधिकरणापुढे सिद्ध करण्याची अट ठेवली होती.

दुसरा दाखला अधिक दुःखद आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि मारेकऱ्याच्या जातीवरून सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत शेकडो ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. आमच्या शेजारच्या गावात अशा एका वाड्याचे जोते अजून शिल्लक आहे. दगडी चौथऱ्यात तुळईचे टोक रुतलेले आहे, त्याला हात लावला तर बोटाला काजळी लागते, आणि त्या कुटुंबातले कोणीही पुन्हा गावात राहायला आले नाही. ज्यांचा त्या हत्येशी कोणताही संबंध नव्हता, ज्यांच्यातले काही स्वतः काँग्रेसच्या चळवळीत होते, त्यांना एका माणसाच्या कृत्याची शिक्षा भोगावी लागली. सुक्याबरोबर ओलेही जळते असे आपण म्हणतो. त्या आठवड्यात इथे ओलेच अधिक जळले.

त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली आणि ती ११ जुलै १९४९ रोजी उठवण्यात आली. महोदय, आपण ज्या विचारपरंपरेतून आलात तिच्यातील लोक आजही असे सांगतात, की एका माणसाच्या गुन्ह्यासाठी लाखो स्वयंसेवकांना गुन्हेगार ठरवणे हा अन्याय होता. मी संघाच्या विचारांचा नाही, कधीच नव्हतो. पण या युक्तिवादामागचे तत्त्व मला मान्य आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. बंदी उठताना सरकारने संघाकडे मागितली ती लिखित घटना, आणि राज्यघटनेवरील व राष्ट्रध्वजावरील निष्ठेची ग्वाही. संघटनेला तिने लिहून दिलेल्या आणि जाहीरपणे स्वीकारलेल्या गोष्टींवरून ओळखण्याचा तो प्रयत्न होता. जे माप आपल्या पूर्वसुरींनी स्वतःसाठी मागितले, तेच माप आम्हाला लावावे, एवढीच माझी मागणी आहे.

हे माप आमच्या बाजूच्यांनाही लागू आहे, आणि आमचे लोक ते नेहमी पाळतात असे मी म्हणणार नाही. साताऱ्याचे सुपुत्र डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, तेव्हा आमच्यातील अनेक जण संतापाने असे बोलू लागले, की भगवा झेंडा घेणारा प्रत्येक जण या खुनात सामील आहे. आमच्याच गावात पहाटे शाखेत जाणारे, पुराच्या काळात नावेतून माणसे काढणारे शिक्षक आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून हे बोलले गेले. ते बोलणे अन्यायाचे होते. न्यायालयाने मे २०२४ मध्ये दोघांना दोषी ठरवले आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली, म्हणजे न्यायालयाने माणसांचा निवाडा माणूस म्हणून केला. त्यामागे कट होता का, कोणी पैसा दिला, कोणी आसरा दिला, हे विचारण्याचा आमचा हक्क मात्र त्यामुळे संपत नाही. मारेकऱ्याला संघटनेने शिकवले असेल, पोसले असेल, लपवले असेल, तर ती जबाबदारी संघटनेचीच असते.

माझ्या प्रश्नाचे उत्तरही मला इथेच सापडते. संघटना ही आपल्या प्रत्येक सदस्याची जामीनदार नसते, परंतु आपल्या निर्णयांची ती नक्कीच जबाबदार असते. हिंसेचा आदेश दिला का, त्यासाठी पैसा पुरवला का, हिंसा करणाऱ्याला पाठीशी घातले का, आणि हिंसा झाल्यावर उघडपणे तिचा निषेध केला की मौन पाळले, हे तपासता येते. त्यासाठी इतिवृत्ते असतात, भाषणे असतात, हिशेबाच्या वह्या असतात. शेवटच्या मुद्द्याला मी विशेष महत्त्व देतो. ज्या संघटनेचे नेते आपल्यातील हिंसक माणसाबद्दल वारंवार गप्प बसतात, त्यांना ‘तो आमचा नव्हता’ असे म्हणून सुटता येणार नाही. आमच्या संघटनेलाही नाही.

कोणी म्हणेल, की नक्षलवादी संघटना शहरांत सभ्य चेहऱ्याच्या आघाड्या चालवतात आणि त्यांचे ठराव वाचून काही कळत नाही. हा आक्षेप खोटा नाही. गडचिरोलीतील आदिवासींनी आणि पोलिसांनी त्या हिंसेची किंमत मोजली आहे, आणि वाळव्यात बसून मी ती क्षुल्लक मानणे शोभणार नाही. मात्र मुखवटा आहे असा आरोप असेल, तर मुखवट्यामागचा धागा पुराव्याने दाखवला पाहिजे. पैशाचा, शस्त्राचा किंवा आदेशाचा. केवळ घोषणा सारखी आहे, पुस्तक तेच वाचले जाते, किंवा एका मोर्चात दोघे शेजारी चालले, यावरून धागा सिद्ध होत नाही. आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड आणि भारत पाटणकर हे चळवळीतले नेते एका व्यासपीठावर बसत आणि समान पाणीवाटपाची मागणी करत. त्यांचे पक्ष वेगळे, मार्ग वेगळे. दुष्काळी तेरा तालुक्यांतील शेतकरी त्यांच्यामागे आला तो पाण्यासाठी. त्यांतील एखाद्याच्या एखाद्या वाक्यावरून त्या सगळ्या शेतकऱ्यांची विचारसरणी ठरवायची म्हटली असती, तर टेंभू सिंचन योजनेचे पाणी मागणारा म्हाताराही संशयित ठरला असता.

म्हणून आपणांस विनंती आहे, की या विधेयकाच्या अंमलबजावणीसाठी नियम होतील तेव्हा संघटनेविरुद्धच्या प्रत्येक आदेशात तिच्या कोणत्या निर्णयामुळे, कोणत्या आदेशामुळे किंवा कोणत्या आर्थिक व्यवहारामुळे ती बेकायदेशीर ठरते, हे स्पष्टपणे नमूद करण्याचे बंधन असावे. एखाद्या सदस्याचा गुन्हा हे एकमेव कारण पुरेसे मानले जाऊ नये. आंदोलनात जाळपोळ झाली, तर ती करणाऱ्याचा शोध घेऊन त्याच्यावर गुन्हा दाखल व्हावा, आणि ती थांबवणाऱ्यांचे जबाब त्याच दिवशी नोंदवले जावेत, अशी सूचना जिल्ह्यातील पोलीस ठाण्यांना द्यावी. आणि यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी आपण स्वतः सांगलीत येऊन ऊस उत्पादकांच्या सर्व संघटनांच्या प्रतिनिधींना एकत्र भेटावे. ज्या कार्यकर्त्यांविषयी मी वर लिहिले, ते त्या बैठकीला येतील. त्यांच्यावरील खटल्याची तारीख अजून पडतेच आहे.

आपला विश्वासू,
एक ऊस उत्पादक शेतकरी
तालुका वाळवा, जिल्हा सांगली