न उघडलेल्या स्क्रूबद्दल आभार

आदरणीय चाचांस,

सविनय नमस्कार.

गेल्या जुलैमध्ये भर पावसात मी एक नवा कोरा घडीचा चाकू घेऊन आपल्या दुकानात आले होते आणि आपण तो दुरुस्त करण्यास साफ नकार दिला होता. त्या नकाराबद्दल आभार मानायचे राहून गेले. आपण फोनवरचे निरोप वाचत नाही, आणि समोर बसून हे बोलू लागले तर 'आधी चहा घ्या' म्हणून विषय बदलाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण इतकेच की कलमांच्या हंगामात माझ्यासारखे अनेक रोपवाटिकावाले असे चाकू कुरिअरने मागवतात, आणि त्यांच्या गावात आपल्यासारखे धारवाले असतीलच असे नाही.

कोय कलमाचे काम थांबवून ठेवता येत नाही. कोय रुजून वर आलेले रोप दहा-पंधरा दिवसांचे, तांबूस पानांचे आणि कोवळे असते तेव्हाच त्यावर कलम बांधावे लागते. रोपाला मधोमध चार-पाच सेंटिमीटरचा उभा काप द्यायचा, कलमकाडीचे, म्हणजे चांगल्या आंब्यावरून काढलेल्या काडीचे, खालचे टोक दोन्ही बाजूंनी तासून त्याची पाचर करायची आणि ती कापात बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची, एवढेच खरे तर काम; पण पाचरीचा प्रत्येक काप एका ओढीत, सरळ आणि सपाट उतरावा लागतो, कारण साल आणि लाकूड यांच्यामधला पातळ जिवंत थर दोन्हीकडून एकमेकाला टेकला तरच सांधा जुळतो. त्यासाठीच कलमाच्या चाकूला धार एका बाजूने असते आणि दुसरी बाजू सपाट असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठात प्रशिक्षण घेतले तेव्हापासून मी एकच चाकू वापरत होते. तो जूनमध्ये हरवला आणि हा नवा, साध्या कार्बन पोलादाच्या पात्याचा आणि लॉक असलेला, १,८५० रुपयांना मागवला.

पहिल्याच दिवशी त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. काप लाटेसारखे उतरू लागले. माझाच हात बिघडला असेल असे समजून मी तीस-चाळीस काड्या वाया घालवल्या, आणि एका रोपाच्या कापात अडकलेले पाते हलवून बाहेर काढताना लॉक सरकले व पाते माझ्या तर्जनीवर मिटले. जखम मोठी नव्हती, पण हंगामात उजव्या हाताच्या बोटाला पट्टी म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. त्या रात्री मी स्क्रू आवळून बघायचे ठरवले होते. घरातला पेचकस त्या चांदणीच्या आकाराच्या खाचेत बसेना, म्हणून सकाळी आपल्याकडे आले. पेचकस बसला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

आपण चाकू हातात घेतला तो उघडायच्या आधीच विचारले, "ताई, स्क्रूला कोणी हात लावलाय?" मला त्या प्रश्नाचा रोख तेव्हा कळला नाही. मग आपण चष्मा पुसला आणि पुढचा अर्धा तास जे केले ते मी आजवर कोणत्याही दुकानात पाहिलेले नाही. पाते उघडून मूठ टेबलाला टेकवलीत आणि दोन बोटांनी टोक धरून डावी-उजवीकडे हलवलेत; ते दिसण्याइतके हलत होते. बोटे धारेच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून पात्याच्या पाठीवर अंगठ्याने हलका दाब दिलात, तसे लॉकची पत्री पात्याच्या बुडावरून घसरली. मग स्टीलची फूटपट्टी पात्याच्या सपाट बाजूवर आडवी धरून पट्टीसकट पाते ट्यूबलाइटच्या समोर नेलेत आणि मला बघायला सांगितलेत. पट्टीच्या खालून, मुठीकडच्या बाजूला, प्रकाशाची एक बारीक रेघ दिसत होती. सपाट म्हणून विकलेली बाजू सपाट नव्हती. माझे काप लाटेसारखे का उतरत होते, ते त्या रेघेत दिसले आणि माझ्या हातावरचा आळ दूर झाला.

सर्वांत शेवटी आपण टोकाकडची निळसर झाक दाखवलीत. ती मला शोभेची वाटली होती! आपण समजावून सांगितलेत की अशा पात्याला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर, त्याचा ठिसूळपणा काढण्यासाठी ते साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवतात. नंतर चाकावर धार काढताना कारागिराने घाई केली आणि पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेले, तर निळी छटा येते आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरते. वर दिसणारा रंग पुसता येतो, उतरलेले पाणी पुसून परत येत नाही. त्या टोकाला कितीही धार पाजली तरी ती दोन दिवसांत वळणार, आणि तो भाग पूर्ण घासून काढला तर पाते आखूड होणार.

मी म्हटले, "जे जमेल ते करून द्या, काम अडलंय." आपण चाकू मिटवून माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "मी स्क्रू फिरवला की हा चाकू तुमचा. आत्ता तो अजून त्यांचा आहे." पाते हलते ते स्क्रू आवळून थांबेल, सपाट बाजू दगडावर घासून बरीचशी सुधारेल, पण एकदा स्क्रूच्या तोंडावर ओरखडा दिसला की विक्रेता सगळे दोष आपल्याच माथी मारून मोकळा होईल, आणि लॉक व पाणी हे दोन दोष तर आपल्या हातूनही दुरुस्त होण्याजोगे नाहीत, असे आपण स्पष्ट सांगितलेत. दुकानात त्या सकाळी दुसरे गिऱ्हाईक नव्हते. पावसाळ्यात आपल्या धंद्याची काय अवस्था असते ते मला दिसत होते. तरीही आलेले काम आपण परत पाठवले आणि वर स्वतःचा जुना चाकू मला हंगामापुरता वापरायला दिलात.

तक्रार कशी लिहावी, हेही आपणच शिकवलेत. मी मनात 'अत्यंत निकृष्ट माल' वगैरे वाक्ये जुळवत होते. आपण म्हणालात, राग लिहू नका, माप लिहा. त्याप्रमाणे माझ्या भाच्याने फोनवर चित्रण केले: पाते उघडे असताना टोक किती हलते, फूटपट्टीखाली प्रकाश कुठे दिसतो, किती हलक्या दाबाने लॉक सरकते, आणि न छेडलेले स्क्रू. प्रत्येकाखाली एक ओळ लिहिली, विशेषण एकही नाही. विक्रेत्याचे पहिले उत्तर आले की हाताने घडवलेल्या वस्तूत असा थोडाफार फरक असणारच. भाच्याने मग ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांचा उल्लेख करून तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने पुन्हा लिहिले. त्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे लागते, आणि सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आम्ही काढून ठेवला होता, पण तो लावण्याची वेळ आली नाही. स्क्रूंना हात लागलेला नाही, हे चित्रणात पाहिल्यावर त्यांनी फारसे ताणले नाही, आणि बाराव्या दिवशी बदली चाकू घरी आला.

तो घेऊन मी पुन्हा आपल्याकडे आले तेव्हा माझ्या अंगात परीक्षक संचारला होता, हे कबूल करते. मिटलेल्या चाकूत पाते बरोबर मध्यभागी बसत नाही, किंचित डावीकडे झुकते, म्हणून हाही परत पाठवायचा का, असे मी विचारले. आपण तो कानाशी धरून दोनदा सावकाश उघडलात-मिटलात. "घासतंय का? नाही ना. मग राहू द्या." नंतर फूटपट्टी, अंगठ्याचा दाब, टोकाचा रंग, सगळे पुन्हा तपासलेत, आणि मला विचारूनच सांध्याचा स्क्रू आपल्या नेमक्या मापाच्या पान्याने जेमतेम पाव फेरा फिरवलात. धारेच्या उतारावर काळ्या मार्करची रेघ ओढून पाते दगडावर दोन वेळा फिरवलेत. जिथली शाई गेली तिथे दगड लागतो आणि जिथे राहिली तिथे लागत नाही, हे मला तेव्हा प्रथम समजले. धार लावताना सपाट बाजूवर जमलेली पोलादाची बारीक कोर काढण्यासाठी पाते पूर्ण आडवे झोपवून अलगद ओढायचे, तिथे तिरपे धरायचेच नाही, ही आपली ताकीद मी आता माझ्याकडे काम करणाऱ्या मुलींनाही देते. एवढ्या सगळ्याचे आपण चाळीस रुपये घेतलेत.

पहिल्या चाकूने बांधलेल्या कलमांपैकी फार थोडी जगली. आपल्या जुन्या चाकूने आणि नंतर या बदली चाकूने बांधलेली बहुतेक फुटली आहेत. आपला चाकू मी तेलाचे बोट लावून, कापडात गुंडाळून ठेवला आहे. भाचा येत्या गुरुवारी तो परत आणून देईल आणि सोबत हापूसची दोन कलमे आणेल. दुकानामागे, विहिरीच्या बाजूला, ऊन येते असे आपण एकदा म्हणाला होतात. खड्डा आधी करून ठेवू नये, तो मुलगा करील. पुढची धार पाजायला मी स्वतः येईन आणि त्या वेळी मजुरी आपण नव्हे, मी ठरवीन.

आपली कृतज्ञ,
एक रोपवाटिकावाली